पंचवीस दातांची पेटी

आमच्या आबांनी आजवर जेवढे बैल विकत घेतले, त्यांतला एकही वायरलेस नव्हता.

हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे घडलं त्यात आबांचा काही दोष आहे, असं आमच्या कुरुंद्यात कुणीही मानत नाही. सगळे माझंच नाव घेतात. मी आखाडा बाळापूरच्या शाळेत गणित शिकवतो, रोज एसटीने जातो-येतो आणि उरलेल्या वेळात हार्मोनियम, म्हणजे गावाच्या भाषेत पेटी, वाजवतो. मी पेटी चांगली वाजवतो असं एक मत आहे. (ते माझं आहे.)

माझी बायको सुनंदा गाते. ती चांगली गाते हे मात्र सगळ्यांचं मत आहे. बारसं असो, डोहाळजेवण असो, सप्ताहातलं बायकांचं भजन असो, पुढे आवाज सुनंदाचाच. पण हे सगळं सतरंजीवर बसून, पदर सावरत, कुणाचं तरी लेकरू मधेच रडत असताना. स्टेजवर, माइकसमोर, आपलं नाव पुकारलं गेल्यावर ती कधीच गायली नव्हती. लग्नाआधी वसमतला, तिच्या माहेरी, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचं गाणं ठरलं होतं, तर नेमकी त्याच दिवशी आमची मंडळी तिला बघायला गेली. गाणं राहिलं आणि मी पदरात पडलो. हे ती मला अधूनमधून ऐकवते, आणि तेही सुरात.

त्यामुळे वसमतला महिला भजनी मंडळांची स्पर्धा जाहीर झाली आणि शेवंताकाकूंनी आमच्या गावच्या मंडळाचं नाव दिलं, तेव्हा घरातली हवाच बदलली. शेवंताकाकू म्हणजे मंडळाच्या प्रमुख. ढोलकी त्याच वाजवतात आणि बाकीच्या बायकांना हाकतातही त्याच. सुनंदाने लोणचं सोडलं. दही सोडलं. सकाळ-संध्याकाळ हळदीच्या पाण्याने गुळण्या सुरू झाल्या. (हळद आमच्याकडे पोत्याने असते, त्यामुळे काटकसरीचा प्रश्न नव्हता.) माहेरी निरोप गेले की सगळ्यांनी यायचं आणि पुढच्या रांगेत बसायचं. मला एकच काम होतं, साथीला पेटी वाजवायची.

मी पेटीवरचं कापड काढलं, भाता ओढला आणि पेटीने सूर काढण्याऐवजी सुस्कारा टाकला. उंदरांनी भात्याला खिडक्या पाडल्या होत्या!

"आवो, वसमतला न्या, भाता चिकटवून आना," सुनंदा म्हणाली. "एवढुसं तर काम हाय."

शहाण्या माणसाने हेच केलं असतं. पण मी रोज एसटीत मोबाईल बघतो, आणि मोबाईल बघणारा माणूस फार काळ शहाणा राहत नाही. मी तिला एक व्हिडिओ दाखवला. एक माणूस डोंगराच्या टोकावर बसलाय, मांडीवर हातभर लांबीचा कीबोर्ड, समोर दगडावर मोबाईल, आणि त्या मोबाईलमधून बासरी, सतार, व्हायोलिन, काय वाटेल ते बाहेर पडतंय. वायर एकही नाही.

"वायरलेस मिडी कीबोर्ड," मी म्हणालो. "पिशवीत मावतो. मोबाईलला जोडला की पेटी म्हण पेटी, सतार म्हण सतार. जग कुठे गेलंय बघ."

सुनंदाने बघितलं. "डोंगरावर बसून कोनाला ऐकवून राहिला त्यो?"

"मुद्दा तो नाही."

"मंग भाता चिकटवायला काय तकलीफ हाय?"

तकलीफ काहीच नव्हती. म्हणूनच तर त्यात मजा नव्हती.

ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या आबांच्या कानावर यातला 'घेऊ' एवढाच शब्द गेला. आबा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात काहीही घ्यायचं ठरलं की ते सोबत येतात, कारण अर्ध्या तालुक्याने आपले बैल त्यांच्या नजरेने घेतलेत. बाजाराच्या दिवशी लोक त्यांना मोटारसायकलवर बसवून नेतात. आबा बैलाभोवती एक चक्कर मारतात, दात बघतात, अंगावरचे भोवरे बघतात आणि 'घे' किंवा 'सोड' एवढंच म्हणतात. पुढे कुणी वाद घालत नाही. आमचा फ्रीज घेताना त्यांनी तो बुजतो का हे बघायला त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"म्या येतो," आबा म्हणाले. "तुला एकट्याला फसवतेत."

नांदेडच्या वाद्यांच्या दुकानात आम्ही दोघं पोचलो. मालक म्हणजे चष्मा लावलेले, शांत, दर वाक्यात 'सर' म्हणणारे गृहस्थ. त्यांनी काउंटरवर तीन कीबोर्ड मांडले. एक पंचवीस पट्ट्यांचा, एक सदतीसचा, एक एकोणपन्नासचा. पेटीवाल्याला तीन सप्तकं लागतात, म्हणजे सदतीस पट्ट्या. गणित सरळ होतं. मी सदतीसवर बोट ठेवणार, तोच आबा पुढे सरकले. त्यांनी एकोणपन्नासवाल्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"म्हातारा हाय."

"बाबा, अगदी नवीन मॉडेल आहे," मालक म्हणाले.

"नवा म्हनून समदेच सांगतेत. दात बघा की! समदे आलेत. जुळला ह्यो." (ज्यांचा बैलांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाला मोठे दात वयाप्रमाणे जोडीजोडीने येतात. दोनदाती बैल तरुण. सगळे आले की बैल 'जुळला', आणि तिथून त्याची किंमत उतरायला लागते.)

सदतीसवाल्याला त्यांनी एका नजरेत निकालात काढलं. "ह्यो बी उतरनीला लागला." मग पंचवीसवाला उचलला, हातावर तोलला, उलटा करून पोट बघितलं, कुठे वाईट भोवरा आहे का ते तपासलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्यो कोवळा हाय. ह्याला घे. धा वर्सं बघायचं काम न्हाई."

"आबा, यात दोनच सप्तकं आहेत. मला तीन लागतात."

"वाढतील की!"

मालकांनी हसू दाबलं आणि मला समजावलं की याला बाजूला बटणं आहेत, ती दाबली की याच पट्ट्या वरच्या किंवा खालच्या सप्तकात जातात. "पोर्टेबल पाहिजे ना सर? मग हाच. हलका आहे, बॅटरीवर चालतो, पिशवीत मावतो. फक्त बोटं जरा जपून, पट्ट्या बारीक आहेत." मी बोटं ठेवून बघितली. माझी बोटं आबांच्या वळणावर गेली आहेत. एकेका बोटाखाली दीड दीड पट्टी येत होती.

आबांनी एक पट्टी दाबली. काहीच झालं नाही. दुसरी दाबली. शांतता.

"मुका हाय का ह्यो?"

"नाही बाबा. याला स्वतःचा आवाज नसतोच. आवाज मोबाईलमधून येतो. हा फक्त मोबाईलला सांगतो, कोणता सूर काढ, किती जोरात काढ."

"सोता काईच करत न्हाई?"

"काहीच नाही."

"म्हंजे मुकादम हाय," आबा म्हणाले, आणि मिडी नावाचा विषय त्यांच्यापुरता संपला.

पण चालवून बघितल्याशिवाय बैल कुणी घेत नाही. मालकांनी माझ्या मोबाईलमध्ये पेटीचं ॲप टाकून दिलं आणि कीबोर्डशी त्याची जोडी लावून दिली. आबांनी मोबाईल कानाला लावला आणि मला फर्मावलं, "भाईर जाऊन वाजीव." मी कीबोर्ड घेऊन दुकानाबाहेर, शेजारच्या रसवंतीपाशी गेलो आणि उभ्याउभ्या वाजवायला लागलो. माझ्यापाशी आवाज अर्थातच शून्य. तिकडे आबा काचेआडून हात हलवून ओरडत होते, "येऊन राहिला! आनखी मागं सर!" मी मुक्या पट्ट्या बडवत मागे मागे सरत उसाच्या चिपाडात जाऊन बसलो. बसलो म्हणजे पडलो. रसवंतीवाल्याने मला हात देऊन उठवलं आणि हळूच विचारलं, "भाईसाब, तबीयत ठीक है ना?"

चिपाड झटकत परत आलो, तर आबांनी खांद्यावरचं उपरणं मालकांच्या हातावर टाकलेलं, आणि उपरण्याखाली त्यांची बोटं धरलेली! बैलबाजारात भाव असाच होतो. कापडाखाली बोटं दाबून बोलायचं, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. मालकांचा चष्मा नाकावर घसरला होता.

"सर, हे काय करताहेत?"

"भाव करताहेत."

"पण आमच्याकडे फिक्स रेट आहे! तो बघा, पाटी लावलीय!"

"समद्यांदेखत काहून बोलून राहिले?" आबांनी त्यांना दटावलं आणि आणखी एक बोट पकडलं. मालकांनी हात सोडवायची धडपड केली, त्या धडपडीत त्यांच्याकडून आबांची बोटं दाबली गेली, आणि आबा प्रसन्न होऊन म्हणाले, "झालं! ठरलं!" काय ठरलं हे मालकांना कळलं नाही. पण हात परत मिळाल्याच्या आनंदात त्यांनी थोडी सूट दिली.

वर त्यांनी एक छोटी वायरही पुढे केली. "ही आमच्याकडून भेट, सर. मोठ्या स्पीकरवर वाजवायचं झालं तर मोबाईलला हीच लावा. ब्लूटूथने स्पीकर जोडलात तर..."

वाक्य तिथेच राहिलं. आबांनी ती गुंडाळी दोन्ही हातांनी त्यांना परत केली.

"न्हाई मालक. दावं तुमचं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

आमच्या घरात जनावर घेतलं की विकणाऱ्याचं दावं आणत नाहीत. दाव्यासोबत त्याच्या गोठ्याची बरकत निघून येते, असं आबा मानतात. म्हणून दावं तिथेच सोडायचं आणि आपलं नवीन बांधायचं. "तुमचं दुकान भरलेलं ऱ्हावं," आबा इतक्या मनापासून म्हणाले की मालकांना भरून आलं. त्यांनी ती वायर कपाळाला लावली आणि गल्ल्यात ठेवून दिली. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. पण मला वाटलं, वायरलेसला वायर हवीच कशाला? हे गणिताच्या मास्तरचं तर्कशास्त्र!

घरी आलो तर सुनंदा दारात भाकरतुकडा, हळदकुंकू आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आबांनी तिला फोनवर एवढंच कळवलं होतं, "घेतला. कोवळा हाय." नवीन बैल दारात आला की त्याच्या पायांवर पाणी घालून मग त्याला आत घेतात.

"मामा, ह्याचे पाय कुठं हाईत?" सुनंदाने सासऱ्यांना विचारलं.

आबांनी कीबोर्ड उलटा करून खालच्या चार रबरी गुट्ट्या दाखवल्या. तांब्या कलला. मी झेप घेऊन मध्ये पाय घातला आणि ते पाणी माझ्या पायांवर पडलं. "बैल आत आला," असं नवीन खरेदी बघायला आलेल्या शेवंताकाकू म्हणाल्या तेव्हा त्या नक्की कुणाकडे बघत होत्या, हे मी विचारलं नाही.

पहिल्या तालमीला सहा बायका माना पुढे काढून बसल्या. मी वाजवायला लागलो. मोबाईलमधून डासाएवढा आवाज आला. काकूंनी मोबाईल उचलला, रिकाम्या पितळी घागरीत सोडला, आणि काय सांगू! घागरीतून अशी भरदार पेटी घुमायला लागली की शेजारचे लोक कोण आलंय ते बघून गेले. मग सगळ्या तालमी त्या घागरीवर झाल्या. सूर दाबला की सूर हजर. सुनंदा काळी चारमध्ये गाते, मी तिच्यामागे बिनचूक. तिचा चेहरा खुलायला लागला. "बराबर होऊन राहिलं," एवढं ती एकदा म्हणालीसुद्धा, आणि आमच्या घरात माझ्या बाबतीत हा शब्द सहसा वापरला जात नाही.

मी एसटीतही सराव करायचो. कानात वायरचे इयरफोन, मांडीवर कीबोर्ड. मला सगळं ऐकू यायचं. बाकीच्या प्रवाशांना दिसायचं ते एवढंच, की एक प्रौढ मास्तर डोळे मिटून काळ्यापांढऱ्या पट्ट्या खाजवतोय आणि आवाज कसलाच नाही.

"कवापासून हाय लेकरा हे?" शेजारच्या म्हातारीने विचारलं.

"नवीनच आहे, आजी."

"मंग लवकर दावखान्यात दाव," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली.

स्पर्धा वसमतच्या एका मंगल कार्यालयात होती. पुढच्या रांगेत सुनंदाची आई, भाऊ, भावजया. त्यांच्या मागच्या रांगेत आबा, आणि आबांसोबत बैलबाजारातले त्यांचे मित्र. आबांनी नवीन काय घेतलं ते बघायला खास आलेले. सुनंदा हिरवी साडी नेसली होती आणि सारखा पदर नीट करत होती.

"आवो, नीट वाजवताल ना?" तिने मला स्टेजच्या पायरीशी विचारलं. "माय आली हाय माझी."

"तू फक्त गा," मी म्हणालो. इतकं चांगलं वाक्य मी त्या दिवशी नंतर बोललो नाही.

स्टेजवर साउंडवाला आला. "मास्तर, वायर द्या. माझ्यापाशी हाय तिची पिन जाडी हाय, मोबाईलला बसत न्हाई."

"वायर नाही. वायरलेस आहे!" हे मी जरा मोठ्याने बोललो. सासुरवाडी पुढच्याच रांगेत होती.

"समदंच?"

"समदंच!"

"मंग ब्लूटूथनं घेतो," म्हणत त्याने माझा मोबाईल त्याच्या मशीनला जोडून टाकला. मधेच कुणाचा फोन येऊ नये म्हणून मी फ्लाइट मोड लावला होता. (एवढी अक्कल मला होती. नेमकी एवढीच होती.)

सुनंदाचं नाव पुकारलं गेलं. गावाच्या नावासकट, माइकवरून. ती माइकसमोर बसली, पदर खोचला, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी सा दाबला.

काहीच नाही.

पुन्हा दाबावा म्हणून बोट उचललं, तर तो आला! ठणठणीत, अख्ख्या हॉलभर, पण मी सोडून दिल्यावर. मी रे दाबला. शांतता. मग रे. ब्लूटूथने स्पीकरला पाठवलेला आवाज वाटेत अर्धा सेकंद रेंगाळतो, हे मला नंतर कळलं. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर त्याने काही बिघडत नाही. वाजवायचं असेल तर मात्र सगळंच बिघडतं. दुकानदारांचं ते अर्धवट वाक्य हेच होतं.

आता भजनाचं असं आहे की गाणारी पेटीकडे कान ठेवून गाते आणि ढोलकी गाणारीकडे. सुनंदाने ओळ उचलली. पेटी मागून आली. सुनंदाला वाटलं आपलीच घाई झाली, म्हणून ती पेटीसाठी थांबली. मला वाटलं ती घाबरली, म्हणून मी तिच्यासाठी थांबलो. मी थांबलो म्हणून पेटी आणखी उशिरा आली. म्हणून ती आणखी थांबली. ढोलकी आम्हा दोघांसाठी थांबली आणि टाळवाल्या ढोलकीसाठी. चांगल्या लयीत सुरू झालेला अभंग ओळीगणिक हळू व्हायला लागला. पहिलं कडवं संपता संपता तो अशा लयीला पोचला की एक टाळ वाजल्यावर दुसरा वाजेपर्यंत लोक शेजाऱ्याच्या सोयाबीनची चौकशी करत होते!

"मास्तर, हाना की जरा!" शेवंताकाकू दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"हाणतोय! पोचत नाहीये!"

एका परीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं. मागच्या रांगेत आबा उभे राहिले आणि मला हाक मारून ओरडले, "दत्ता! घागर काहून न्हाई आनली?"

"आबा, जनावर पाय धरून राहिलं," त्यांच्या मित्राने मत दिलं. (पाय धरणं म्हणजे लंगडणं.)

"पाय न्हाई धरत," आबा म्हणाले. "नवं हाय. बुजलंय."

तेवढ्यात अंतरा आला. सुनंदा वर चढली, तार गंधारावर गेली आणि तिथून पुढे मध्यमाकडे निघाली. माझी शेवटची पट्टी गंधाराचीच होती. करंगळी पुढच्या प्लॅस्टिकवर आपटली. (दात अजून वाढले नव्हते.) घाईघाईत मी सप्तकाचं बटण शोधलं. वरचं आणि खालचं अशी दोन बटणं शेजारी शेजारी, आणि बोटं आबांच्या वळणाची. खालचंच दाबलं गेलं, तेही दोनदा. स्पीकरमधून रेडा हंबरावा तसा खर्ज बाहेर पडला, आणि तोही सगळे गप्प झाल्यावर. बैलबाजारवाली मंडळी एकदम वळून दाराकडे बघायला लागली.

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं आता मी हसत सांगतोय, पण त्या क्षणी मला तिच्याकडे बघवेना. तिची आई समोर बसलेली, भाऊ खाली बघत असलेले. एकदा तिचं गाणं माझ्या घरच्यांमुळे राहिलं होतं. आता मी स्वतः जातीने येऊन ते बुडवत होतो.

सुनंदा थांबली. अगदी पूर्ण थांबली. वळली, माझ्या मांडीवरून कीबोर्ड उचलला आणि नेऊन शेवंताकाकूंच्या पाठीमागे ठेवला. ती परत येऊन माइकसमोर बसली, तेव्हा कुठे माझा शेवटचा सूर स्पीकरमधून आला. (काकू म्हणतात की तो त्यांच्या पाठीने पट्टी दाबली गेल्याचा होता. मी वाद घालत नाही.) लोक हसले. सुनंदा हसली नाही. तिने पदराने डोळे पुसले.

"काकू, धरा ठेका," ती म्हणाली.

ढोलकी बसली. टाळ बसले. ती गायला लागली.

मी तिथेच, स्टेजवर, रिकाम्या हातांनी मांडी घालून बसलो होतो. उठून जायचं कुठे? इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसून वाजवत आलो, पण वाजवणारा माणूस मुख्यतः स्वतःलाच ऐकत असतो. ती कशी गाते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तीच जागा आली, तीच गंधारावरून मध्यमाला जाणारी. ती मध्यमावर गेली आणि तिथे थांबली. तिला खाली यायची काही घाईच नव्हती. हॉलमध्ये फक्त पंखे ऐकू येत होते. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. आबांनाही आलं असावं, कारण ते मित्रांना सांगत होते की डोळ्यांत हळद गेली. (वसमतच्या त्या हॉलमध्ये हळद कुठून यायची?)

उत्कृष्ट गायिकेचं बक्षीस सुनंदाला मिळालं. तिच्या आईने स्टेजच्या पायरीशीच तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. ते घड्याळवाले परीक्षक बोलायला उठले. "पेटीची साथ ऐन वेळी बंद करून नुसत्या ठेक्यावर गाण्याची कल्पना आम्हाला फार आवडली," ते म्हणाले. "त्याआधीचा तो अतिसंथ भागही नवा प्रयोग होता. आम्हाला तो कळला नाही, हा आमचा दोष." सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

बैलबाजारात आबांना लोक अजून त्या खरेदीबद्दल विचारतात. त्यांचं मत जराही बदललेलं नाही. "जनावर बराबर हाय," ते सांगतात. "हाकनारा कामाचा न्हाई."

मंडळाने मला काढलं वगैरे नाही. आता बायका पेटीशिवायच गातात, आणि गावोगावची बोलावणी येतात. मला त्यांनी श्रोता म्हणून ठेवून घेतलंय, पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवण्याच्या अटीवर. परवा सप्ताहात मी तसाच बसलो होतो. तोंड बंद, हात मांडीवर, मोबाईल घरी. सुनंदा अशी रंगात आली होती की काही विचारू नका. पहिलं कडवं संपलं आणि शेवंताकाकूंनी ढोलकी थांबवली, माइक स्वतःकडे ओढला आणि सगळ्या गावासमोर म्हणाल्या,

"मास्तर, मान डोलवू नका. ठेका चुकून राहिला."